सगुणाआक्का, पाव्हणा आणि सोळा किलोमीटर

सगुणाआक्का कुत्र्याचा दोर हातात धरत नसे, कमरेला बांधत असे. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, शर्टावरून दोराचे दोन वेढे, एका अंगाला खोचलेलं खुरपं आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पाव्हणा. दोन्ही हात मोकळे. पाव्हणा पुढं, ती मागं, मधे चार हात ढिला दोर. तो ताणलेला मी क्वचितच पाहिला.

पाव्हणा हे कुत्र्याचं नाव. एका दुपारी तो तिच्या दारात आला. भाकरी खाईल आणि जाईल असं तिला वाटलं, पण तो गेला नाही, म्हणून पाव्हणा. नाव दिलं तसा तिनं त्याला मानही दिला. "पाव्हणं, उठा आता, ऊन झालं." "पाव्हणं, त्या शेणात त्वांड घालू नगा." बायका हसायच्या. म्हणायच्या, आक्का, नवऱ्याला कदी एवढं आवजाव केलं न्हाईस. त्यावर आक्का म्हणायची, "नवरा कुठं माझ्याबरुबर चालतोय?"

आमच्या इंदापूर तालुक्यात जंगल आहे असं सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. त्यांना ऊस दिसतो, कॅनॉल दिसतो, फार तर उजनीचं पाणी माहीत असतं. पण कॅनॉलच्या वरच्या अंगाला चढ चढून गेलं की माळ लागतो आणि माळावर वनखात्याची हद्द. गुडघाभर कुसळी गवत, मधून हिवर, बोरी, खैर, तरवड. चिंकारा हरणं आहेत, खोकड आहे, लांडगाही आहे. सावली कमी आणि वारा भरपूर. आक्का तिथं वनमजूर होती. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून हिवाळ्यात गवत काढून पट्टे साफ ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. त्या जाळरेषा राखणं, रोपांना आळी करणं, जनावरांच्या पाणवठ्याच्या टाक्या भरल्यात का बघणं आणि सशासाठी कुणी तारेचे फासे लावलेत का ते शोधणं, ही तिची कामं. फासे शोधण्यात पाव्हण्याचा हात, म्हणजे नाक, धरणारा कुणी नव्हता. त्यामुळंच गार्डसाहेब त्याच्याकडं काणाडोळा करत. नियमानं जंगलात कुत्रं चालत नाही. पण बांधलेलं असेल तर मला दिसत नाही, असं ते म्हणायचे.

गंमत म्हणजे गावात पाव्हणा मोकळा असायचा. हद्दीच्या चरापाशी आलं की आक्का दोर बांधायची आणि संध्याकाळी बाहेर पडल्यावर सोडायची. बाकीच्या गावाचं उलटं. घरी साखळी आणि रानात मोकळं.

मी एकदा कारण विचारलं होतं. पाव्हणा नवा असताना मोकळाच फिरायचा, आणि एक दिवस त्यानं टिटवीची चार अंडी खाल्ली. आक्का तडक चौकीवर गेली आणि गार्डसाहेबांना म्हणाली, माझ्या कुत्र्यानं अंडी खाल्ली, लिवून घ्या. साहेब हसले. अंड्यांची काय नोंद घ्यायची, कुणी पाहिलंय का, जा कामाला.

"कुनी बघितलं न्हाय म्हनं," आक्का मला सांगत होती. "मी काय तितं नव्हते व्हय? ती टिटवी दोन दिस माझ्या डोक्यावर वरडत हुती. तिला काय सांगू, सायबानं लिवून घेतलं न्हाय?"

दुसऱ्या दिवसापासून दोर.

आता माझं सांगते. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. वडील ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर, आई रानात, आणि मी बारामतीच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. एस.टी.च्या पासावर तीन वर्षं. त्यानंतर वनरक्षकाची भरती निघाली. लेखी झाली, धावणं झालं, शेवटी राहिली चालण्याची चाचणी. मुलींना सोळा किलोमीटर, चार तासांत.

चार तासांत सोळा म्हणजे काही विशेष नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. त्यासाठी वडिलांनी नवे बूट आणले. ते मी चाचणीच्या दिवसापर्यंत खोक्यातून बाहेर काढले नाहीत. मळतील म्हणून. चाचणीच्या दिवशी आईनं बुटांना हळदीकुंकू लावलं, मग मी ते पायात घातले, पहिल्यांदाच. सुरुवातीला मी सगळ्यांच्या पुढं पळत सुटले. सातव्या किलोमीटरला टाचा सोलल्या, अकराव्याला पोटऱ्यांत गोळे आले आणि मी रस्त्याच्या कडेला बसले ती उठलेच नाही.

घरी येऊन सांगितलं, मार्क कमी पडले.

हे खोटं मी का बोलले ते आमच्यासारख्या घरातल्या माणसालाच कळेल. परीक्षेत नापास झाले असं सांगितलं तर आई म्हणाली, असू दे, एवढा मोठा अभ्यास, पुन्हा कर. पण जिची आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रोज चढ चढते आणि जिची आजी बाजाराला पायी जायची, ती पोरगी चालण्यात नापास झाली हे कोणत्या तोंडानं सांगणार? शाळा आमच्या घरात नवी होती. चालणं नवं नव्हतं.

पुढच्या भरतीत पुन्हा लेखी आणि धावणं पार पडलं आणि चालण्याला दोन महिने उरले. वय वाढत होतं, पुढची भरती कधी निघेल याचा भरवसा नव्हता. म्हणजे मला ही शेवटचीच होती. कॅनॉलच्या रस्त्यावर सराव करून पाहिला, तर मोटारसायकलवरची पोरं मागून यायची, "मॅडम, सोडू का?" म्हणून विचारायची. कंटाळून एका सकाळी मी माळ चढून वनखात्याच्या हद्दीत शिरले. जाळरेषेवर समोरून कमरेला कुत्रं बांधलेली बाई आली.

"कुठं निगालीस गं?"

"प्रॅक्टिसला."

"कशाची?"

"चालायची."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चालायची परेक्टिस? आन् आजपत्तुर काय उडत हुतीस?"

मला राग आला. मी म्हटलं, मी ग्रॅज्युएट आहे, वनरक्षकाच्या यादीत नाव आहे माझं. ती म्हणाली, "व्हय का? मंग चल की, कालेज." तेव्हापासून मी कालेज. माझं नाव रेश्मा आहे हे तिला ठाऊक होतं, पण तिनं ते कधी वापरलं नाही.

पहिल्या दिवशी मी तिच्या पुढं निघून गेले. तिसऱ्या जाळरेषेवर बसले होते, तेव्हा ती मागून आली आणि न थांबता पुढं गेली. जाता जाता म्हणाली, "बसून कदी कुनी पोचलंय का?" दुसऱ्या दिवशी तिनं माझे बूट पाहिले, मागच्या भरतीची हकिकत काढून घेतली आणि कपाळाला हात लावला. "अगं, पायाची आन् बुटाची आदी वळख नगं का करून द्यायाला? लग्नात सुदा पोरगा-पोरगी एकदा बघत्यात." तिनं मला महिनाभर तेच बूट घालून चिखलातून, काट्यातून, टाकीच्या पाण्यातून नेलं. शेवटी त्यांचा रंग ओळखू येईना, पण टाच पुन्हा सोलली नाही.

तिची शिकवण्याची रीत अशी की ती शिकवते आहे हे कळायचंच नाही. एकदा म्हणाली, "पाव्हण्याचं पाय बघ. पुडलं पाऊल जितं पडलं तितंच मागलं पडतंय. दुसरी जागा हुडकत न्हाय. तू एक पाऊल हिकडं टाकतीस, एक तिकडं. आर्दी ताकद वाट हुडकन्यात घालवतीस." मी वाकून धुळीतले ठसे पाहिले. खरंच, कुत्रं चार पायांनी चाललं होतं आणि ठसे दोनाचे. प्राणिशास्त्राचा पेपरही मी दिला होता. त्यात हे नव्हतं.

दुसरी रीत बोलण्याची. चालताना गप्प बसलेलं तिला चालत नसे. "बोलता येत न्हाय म्हंजी तू चालत न्हाईस, पळतीयास. बोल कायतरी." काय बोलू? "कालेजात काय शिकीवलं ते बोल." मग मी तिला पानाला छिद्रं कशी असतात, मुळं पाणी कशी ओढतात ते सांगत चालायचे, आणि दम लागला की ती लगेच ओळखायची. "हळू. झाडाला पानी चडवायचं ऱ्हायलं." मी झाडांची शास्त्रीय नावं सांगायचे. ती ऐकायची आणि म्हणायची, "एवडं मोटं नाव? हाक मारायची कशी त्याला?" आणि मग तिचं ज्ञान सुरू व्हायचं. कोणतं गवत हरीण आधी खातं, कोणत्या बोरीखाली खोकडाचं बीळ आहे, हिवराला शेंग कधी येते. तिचं माहेर पळसदेवचं, वडील उजनीत मासे धरायचे. "मला पवायला येत हुतं. झाडं म्या हितं आल्यावर शिकले, तुज्याच वयात," असं ती म्हणायची. मला ते ऐकून बरं वाटायचं.

एकदा मी मोबाईलवर तिचं चालणं मोजलं. तिन्ही जाळरेषा, दोन पाणवठे, चौकी आणि परत. सतरा किलोमीटर भरले. हे ती रोज करायची, मधे खुरपत, फासे काढत, गुराख्यांना दम देत. मी तिला सांगितलं, आक्का, तुम्ही रोज माझी परीक्षा पास होता. ती म्हणाली, "मंग मला का न्हाय घेतलं गार्डात?" आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही.

पाच-सहा आठवड्यांत मी तिच्या बरोबरीनं चालायला लागले. कधी तिला गवत काढायचं असलं की ती पाव्हण्याचा दोर माझ्या कमरेला बांधायची आणि आम्हाला दोघांनाच फेरीला पाठवायची. "त्याच्या चालीनं जा. घड्याळाच्या न्हाय."

चाचणीला तेरा दिवस उरले होते. त्या सकाळी मला वेळ काढायची होती. एक पूर्ण फेरी, घड्याळ लावून. पाव्हण्याला मात्र त्या दिवशी प्रत्येक झुडपाशी काम होतं. तो थांबायचा, हुंगायचा, दोर ताणायचा, आणि माझी मिनिटं जायची. दुसऱ्या जाळरेषेच्या वळणावर मी चिडले. आजूबाजूला काही दिसत नव्हतं. म्हटलं, येईल मागं मागं. आणि मी दोर सोडला.

शंभर पावलंही झाली नसतील. गवतातून एक चिंकारा उठली. मादी होती. पाव्हण्यानं पाहिलं आणि मी हाक मारेपर्यंत दोघं दिसेनासे झाले.

मी ओरडत पळाले. नको त्या दिशेला पळाले, काट्यात अडकले. आक्कानं ओरडणं ऐकलं असावं, ती आली. माझ्या कमरेकडं पाहिलं, दोर नव्हता. तिनं धुळीत पाहिलं आणि माग काढत निघाली. पळाली नाही. तिच्या त्या नेहमीच्या चालीनं ती खालच्या हद्दीच्या तारेपर्यंत गेली, आणि मी रडत मागं. तारेपाशी पाव्हणा जीभ काढून बसला होता. हरीण तारेतून पलीकडं गेलं होतं. तारेवर केस होते आणि रक्त.

आक्कानं पाव्हण्याचा दोर आपल्या कमरेला बांधला. मला वाटलं, आता मारेल त्याला किंवा मला. ती तारेकडं बघत म्हणाली, "मागल्या पायाला लागलंय. उडी मारताना." मग बराच वेळ गप्प चालली. गप्प चाललेली ती मला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "चल चौकीवर."

मला कळलं. तारेजवळ दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, आक्का, तेरा दिवस राहिलेत, आता बारा. माझ्या नावावर वन्यप्राण्याचा मामला लागला तर वनखात्यात मला कोण घेईल? ती म्हणाली, "मी तुजं नाव कुठं घेतलं? चल तर."

गार्डसाहेब रजिस्टर लिहीत बसले होते. आक्का उभी राहिली आणि म्हणाली, "काल कुत्रं सुटलं. हरनाला तार लागली. लिवून घ्या."

या वेळी साहेब हसले नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कसं सुटलं? दोर तर तुमच्या कमरेला असतो."

आक्का जमिनीकडं बघत राहिली. तिनं माझं नाव घेतलं नाही. स्वतःचंही घेतलं नाही. एवढं करून ती थांबली. ती खोटं बोलली असती तर मी सुटले असते आणि खरं बोलली असती तर मला तिचा राग धरता आला असता. दोन्ही सोयी तिनं मला ठेवल्या नाहीत.

"मी सोडलं," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "तू ती भरतीवाली ना? हे वर गेलं तर तुझं काय होईल, मला सांगता येत नाही."

"माहीत आहे साहेब."

"मग आता तूच सांग. उद्या तू या खुर्चीत बसलीस आणि अशी दोघं तुझ्यासमोर आली, तर काय करशील?"

बाहेर पाव्हणा पायरीवर बसलेला दारातून दिसत होता. मग मी म्हटलं, "नोंद करीन. आणि कुत्रं आत आणायचं बंद करीन. बांधलेलं असलं तरी."

हे बोलताना मी आक्काकडं पाहू शकले नाही. पण तिचा आवाज आला. "बराबर सांगितलंस."

साहेबांनी तसंच लिहिलं. ते पुढं कुठं गेलं की तिथंच राहिलं, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. त्या दिवसापासून पाव्हणा जंगलात जायचा बंद झाला. चूक माझी होती, आणि शिक्षा ज्यांना झाली त्यांत मी नव्हते.

आमचं घर गावाच्या वरच्या टोकाला, माळाच्या वाटेवर. मी आक्काला म्हटलं, दिवसभर पाव्हणा आमच्या दारात राहू दे. ती सकाळी जाताना त्याला आमच्या कडुलिंबाला बांधायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. पहिले दोन दिवस तो माळाकडं तोंड करून रडत राहिला. तिसऱ्या दिवशी आईनं मला धरलं.

"ह्या आक्काचं कुत्रं आपल्या दारात का?"

मी कुत्रं सुटल्याचं सांगितलं.

"पर तू जंगलात काय करत हुतीस?"

"चालत होते."

"चालायला जंगलात जावं लागतं?"

चौकीत एकदा खरं बोलून झालं होतं, त्यामुळं की काय, दुसऱ्यांदा सोपं गेलं. मी सगळं सांगितलं. मार्क कमी पडले नव्हते. चालण्यात नापास झाले होते.

"चालन्यात?" आई म्हणाली. तिच्या हातात पिठाची परात होती. ती खाली ठेवून ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. "म्हंजी मी कुकू लावल्याल्या बुटांनी?"

"बुटांचा दोष नव्हता, आई."

"मंग मला सांगायचं की. मी शिकीवलं असतं."

संध्याकाळी आक्का पाव्हण्याला न्यायला आली तेव्हा आईनं तिला हाच प्रश्न केला. माझ्या पोरीला माझ्यापरास तू बरं शिकीवतीस व्हय? आक्का दोर सोडत म्हणाली, "तू शिकीवलं असतंस तर परत नापास झाली असती. भारा टाकला की तू पळतीस. मी बगते की रोज." आणि आईनं तिला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

ते हरीण अकराव्या दिवशी पाणवठ्यावर आलं. आक्का रोज तिथं बसून वाट पाहत होती, मला न सांगता. लंगडत आलं, पाणी प्यालं, लंगडत गेलं. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिनं मला ते सांगितलं. एवढंच म्हणाली, "आलं. जा आता निवांत."

चाचणीत मी मळलेले बूट घातले आणि आपल्या चालीनं निघाले. पहिल्या चार-पाच किलोमीटरांत पन्नासेक मुली माझ्या पुढं गेल्या. मी बोलत होते. मोठ्यानं नाही, पण ओठ हलवून, पान, मूळ, हिवर, खोकडाचं बीळ. शेजारची मुलगी माझ्यापासून थोडी लांब सरकली. अकराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला दोघी बसल्या होत्या. मी एकीला हाताला धरून उठवलं आणि म्हटलं, बोलत चल. कोणत्या कॉलेजची आहेस? ती सोलापूरची निघाली. आम्ही दोघी शेवटपर्यंत गेलो. मला तीन तास पाच मिनिटं लागली.

नोंद घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "दम लागलेला दिसत नाही. कोणती अकॅडमी?" बारामतीत भरतीच्या अकॅडम्या गल्लोगल्ली आहेत, त्यांतली एखादी त्यांना अपेक्षित असावी. मी सांगितलं, आमच्या गावच्या वनमजूर आहेत, सगुणाबाई, त्यांनी शिकवलं. ते मान हलवून पुढच्या मुलीकडं वळले. लिहिलं नाही. म्हणून मी इथं लिहिते आहे.

यादी लागेपर्यंत माझी झोप उडाली होती. चालण्याची भीती संपली होती, रजिस्टरातल्या त्या नोंदीची होती. यादीत नाव आलं तेव्हा मी आधी चौकीवर गेले. साहेब म्हणाले, "नोंद मी वर पाठवली होती. खाली लिहिलं होतं की स्वतः येऊन सांगितलं." मग त्यांनी पेढा घेतला.

ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी पाव्हण्याला घेऊन आक्काबरोबर हद्दीच्या चरापर्यंत गेले. तिच्या पाया पडायचं मनात होतं, पण ती थांबेल तर ना. म्हणाली, "चालता चालता काय ते सांग." मग मी जे रात्रंदिवस ठरवत होते ते सांगितलं. आक्का, आता मी आपल्याच खात्यात आहे. साहेबांशी बोलते. बांधलेलं कुत्रं असेल, फासे शोधायला उपयोगाचं असेल, तर चालेल अशी परवानगी काढते. पाव्हणा परत तुमच्याबरोबर फिरेल.

आक्का थांबली. चालता चालता मधेच थांबलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली.

"मंग तू गार्ड कशाला झालीस?"

रागावून नव्हती म्हणत. खरंच विचारत होती आणि उत्तराची वाटही बघत होती. तिनं खाली वाकून पाव्हण्याच्या कानामागं खाजवलं. "पाव्हणं, पोरीला घरी पोचवा," म्हणाली, चर ओलांडला आणि जाळरेषेनं निघून गेली. पाव्हणा मला ओढत होता. मी त्याला घट्ट धरून उभी राहिले आणि ती वळणाआड गेल्यावर आम्ही दोघं घरी आलो.

आक्का अजून एकटीच तिन्ही जाळरेषा फिरते. नोकरीत मला तिसरं वर्ष लागलं आहे, आणि ती परवानगी मी मागितलेली नाही.